पानाचं खुडलेलं बोट

तीर्थरूप बाबा,

नमस्कार. दरवेळी साष्टांग लिहीत होते, आज उभ्यानंच करते. राग उतरला की वाकेन.

काल दुपारी उमरखेडच्या एस.टी.नं पार्सल आलं. वहिनीनं घराचा माळा आवरला. तुमच्या वस्तू ठेवायला तिला जागा नव्हती आणि टाकायचा दादाला धीर होईना, म्हणून मग माझ्याकडं दारव्ह्याला. आलं ते लिहून घेतलं, सवय तुम्हीच लावलेली. पितळी तांब्या एक, बुडाला डाग दिलेला. अडकित्ता एक. चष्मा एक, डावी काडी दोऱ्यानं बांधलेली. पोथी एक, पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली. पार्सलचे पंचेचाळीस, स्टँडवरून घरापर्यंत ऑटोचे दहा. पंधरा म्हणत होता, दिले नाहीत.

तुम्हाला जाऊन पाच वर्षं झाली. इतक्या दिवसांत एक ओळ लिहिली नाही आणि आजच का, असं तुम्ही म्हणाल. त्या पोथीमुळं बाबा! आणि नीलेशमुळं. परवा सोमवार आहे, श्रावणातला. त्या दिवशी मला त्याला हो किंवा नाही सांगायचं आहे. त्याआधी तुमच्याशी भांडून घेते.

नीलेश आता बावीसचा झाला. तुम्ही त्याला खांद्यावर घेऊन पोळ्यात फिरवत होता, तोच. कापसाचं काय झालं ते तुम्ही जाताना पाहिलंच होतं. आता दादानंसुद्धा निम्म्या वावरात सोयाबीन टाकलं. यांचं किराणा दुकानातलं मुनीमपण कसंबसं चालू आहे. तेव्हा या पोरानं ठरवलं की रेल्वेचं इंजिन चालवायचं. दोन वर्षं अभ्यास केला, बाबा. पहाटे मी देवपूजेला उठायची तर हा आधीच पुस्तक घेऊन ओट्यावर. लेखी परीक्षा पास झाला. मी पेढे वाटले नाहीत, देवापुढं साखर ठेवली आणि म्हटलं, नोकरीचा कागद आला की पेढे.

मग डोळ्यांची तपासणी झाली. एक पुस्तक समोर धरतात म्हणे. रंगीत ठिपक्यांची गोल चित्रं असतात, त्या ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. सगळ्यांना दिसतो. आपल्या नीलेशला नुसते ठिपके दिसले. पानामागून पान उलटलं, ठिपकेच! लाल आणि हिरवा याला वेगळे दिसतच नाहीत. तिथल्या तिथं बाद.

घरी येऊन सांगितलं काय? "छाती कमी भरली." तीन दिवस तसंच सांगत राहिला. चौथ्या दिवशी वैशालीनं, त्याच्या बहिणीनं, फोडलं. तिला म्हणे हा लहानपणापासून विचारत आला आहे, ताई हा सदरा कोणता, ताई नकाशात जंगल कुठं रंगवू. मला, आईला, पत्ता नाही!

हे काय म्हणाले ठाऊक आहे? "आमच्या खानदानात असं कोणीच नाही. तुमच्याकडूनच आलं असंन." मी ताडकन बोलले, "आमच्याकडून कायले येईन? माझे बाबा शेतकरी होते, उभा जन्म कपाशीत गेला त्यायचा!"

असं ठासून बोलले मी तुमच्यासाठी. आणि तोंडावर पडले.

यवतमाळला नेलं त्याला. डॉक्टरीणबाई तरुण होती, वैशालीहून थोडीच मोठी. तिनं नीलेशला तपासलं आणि मग मलाच प्रश्न. तुमच्या वडिलांना रंग ओळखता येत होते का? तिलाही मी तेच उत्तर दिलं. ती हसली नाही. चिठ्ठीच्या मागं तिनं एक चित्र काढलं, दोन फुल्यांचं, आणि समजावून सांगितलं. दहावीला आम्हाला आनुवंशिकतेचा धडा होता बाबा, उंच वाटाणा आणि बुटका वाटाणा. सगळा पाठ केला होता, गुणही मिळाले. पण वाटाण्याचं आपल्याला काय, आपण तूर खाणारी माणसं, म्हणून सोडून दिला. वाटाण्याची गोष्ट आपल्याच घरात चालली आहे हे मास्तरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला कळलं ते माझ्या भाषेत लिहिते. रंग दिसण्याची वात असते असं समजा. बाईच्या अंगात अशा दोन वाती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक मंद असली तरी दुसरीच्या उजेडात तिचं निभतं, तिला पत्ताही लागत नाही. पुरुषाच्या अंगात मात्र एकच वात, ती आईकडून आलेली. बापाकडून त्याला मिळते ती पुरुष होण्याची खूण, तिच्यात ही वात नसतेच. म्हणून मुलाला हा दोष बापाकडून येत नाही. मुलीला मात्र बापाची वात न चुकता येते, कारण द्यायला त्याच्याकडं दुसरी नसते.

म्हणजे पाहा. दादाला सगळं स्वच्छ दिसतं, कारण त्याच्यात तुमची वात नाही, आईची आहे. मला दिसतं, कारण तुमची मंद वात घेऊनसुद्धा आईची चांगली माझ्याजवळ आहे. आणि मी नीलेशला दोन्हींतली एक दिली, तुमचीच गेली. दुसरीही जाऊ शकली असती. डॉक्टरीणबाई म्हणाली, निम्मं-निम्मं. मी तीस वर्षं देवाला वाती वळून लावते बाबा, हातातली वात कशी आहे ते मला न पाहता कळतं. आणि ही एक मला निवडता आली नाही!

"तुमचा दोष नाही हो काकू," ती म्हणाली. दोष नाही? वावर तुम्ही मुलाला दिलं आणि हे मुलीला. तुम्ही गेल्यावर दादा हक्कसोडीचा कागद घेऊन आला, मी तहसीलीत सही करून दिली, साडेसात एकरांवर पाणी सोडलं. मनात काही आलं नाही, भाऊ आहे, माहेर राहू दे म्हटलं. पण याचं हक्कसोड कोणत्या तहसीलीत होतं, सांगा!

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसले. दोन्ही बाजूंना कपाशी. आपला खेळ आठवला.

तुम्हाला आठवतो? मी आठ-नऊ वर्षांची असेन. दिवाळीच्या सुमाराला तुम्ही म्हणायचे, "शकू, चाल वं, धुऱ्यानं चक्कर मारून येऊ." वावरात गेलं की कपाशीच्या ओळीत मला पुढं घालायचे. "पाह्य बरं, कोणत्या पानाले लाली आली? आधी दिसलं त्याले गुळाचा खडा." मी धावत सुटायची. हे बाबा! हे बाबा! अन् हे! लाल्या रोग असाच येतो, आधी दोन-चार पानं तांबूस, मग सगळं झाड, मग पान गळतं आणि बोंडं तशीच राहतात. मी दाखवलं की तुम्ही त्या ओळीला काडी रोवायचे आणि दुसऱ्या दिवशी फवारणी. गावात कौतुक व्हायचं तुमचं, की लाल्या हा माणूस पहिल्या पानाला धरते.

दादानं एकदा रडून विचारलं होतं, "मले काहून नाई नेत?" तुम्ही म्हणाले, "तुह्यावाले डोळे मोठे हायत रे, पान लहान हाय." आम्ही सगळे हसलो. मला वाटायचं मी लाडकी.

मी लाडकी होते की तुमचे डोळे होते, बाबा? खरं सांगा. दहा वर्षं मी वावरात पळाले ती मुलगी म्हणून, की लाल पान ओळखणारं अवजार म्हणून? पुरुषमाणसाला गड्यासमोर सांगायची लाज वाटली असेल, समजू शकते. आईसमोर? माझ्यासमोर? मी काय गावात दवंडी पिटणार होते?

माझ्या ओटीभरणाचं लुगडं आठवतं? हिरवं आणायचं म्हणून तुम्ही एकटेच उमरखेडला गेले आणि घेऊन आले ते मातकट, तपकिरी. दुकानदारानं पडून असलेला माल गळ्यात मारला. माझ्या सासूबाईंनी चारचौघींत घडी उलगडली आणि विचारलं, "इहीनबाई, तुमच्या गावात याले हिरवं म्हंतेत काय?" आईला धरणी दुभंगावी असं झालं. घरी आल्यावर तिनं तुम्हाला काय काय सुनावलं, मी ऐकलं आहे. तुम्ही म्हणाले, "दुकानात उजेड कमी होता." इतकंच.

उजेड कमी होता!

आणि त्याच्याही आधी ते वर्ष. माझं लग्न झालं, मी दारव्ह्याला आले, आणि पहिल्याच हंगामात अख्ख्या वावरात लाल्या पसरला. शेजारच्या धुऱ्यावरून लोकांना दिसत होता, तुम्हाला नाही. पानं गळून खाली पडली तेव्हा तुम्हाला कळलं. गावानं तुमचं नाव निजेल ठेवलं. दादा चारचौघांत म्हणाला, बाबा वावरात जाऊन झोपतेत. आई महिनाभर बोलली नाही. मी दिवाळीला आले, बैलगाडीतून उतरायच्या आधीच तो लाल पट्टा पाहिला आणि ओट्यावर पाय ठेवता ठेवता तुम्हाला म्हटलं, "बाबा, डोळे फुटले होते काय तुमचे?"

हे मी म्हटलं. मी. वडिलांना.

तुम्ही हसले. "म्हतारा झालो वं बाई आता." पंचेचाळीसही नव्हतं तुमचं वय! त्या वेळी का नाही माझ्या एक मुस्काटात ठेवून दिली? का नाही म्हणाले, हो फुटलेले आहेत, जन्मापासून, म्हणून तर तुला नेत होतो? एक वाक्य होतं, बाबा. त्या एका वाक्यानं दादा गप्प झाला असता, गाव गप्प झालं असतं, आणि सव्वीस वर्षांनी माझा पोर दोन वर्षं त्या इंजिनाचं स्वप्न पाहत बसला नसता. मी त्याला आठव्या वर्षीच तपासून घेतलं असतं, दुसरी वाट दाखवली असती. पण तुम्ही निजेल म्हणवून घेतलं, मरेपर्यंत! आळशी म्हणवून घेणं इतकं सोपं होतं?

हे सगळं मी कालपर्यंत नुसतं मनात धरून होते. कोण जाणे, तुम्हालाही माहीत नसेल, असं म्हणून स्वतःची समजूत घालत होते. काल पोथी उघडली आणि ती समजूतही गेली.

आंघोळ करून सोवळ्यात उघडली. पहिल्या अध्यायात कपाशीची दोन वाळलेली पानं. दुसऱ्यात दोन. मोजली, अठ्ठावीस निघाली. मला आधी वाटलं खूण म्हणून घातली असतील. मग नीट पाहिलं. कपाशीच्या पानाला हाताच्या पंजासारखी बोटं असतात. निम्म्या पानांचं एक बोट खुडलेलं होतं. नखानं, नेमकं, देठाच्या डावीकडचं. निम्मी पानं अखंड. एका पानाशी एक अशी जोडीनं ठेवलेली, एक खुडलेलं, एक अखंड.

मी हातात जे पान दाखवत होते ना "हे लाल", तेच तुम्ही खुडून खिशात घालत होते. त्यालाच खूण करून घरी आणून, शेजारी हिरवं ठेवून, तुम्ही अभ्यास करत होते! लालाची शीर वेगळी आहे का, जाडी वेगळी आहे का, बोटाला काही कळतं का. आई म्हणायची, हा माणूस तासन्‌तास पोथीत डोकं खुपसून बसतो, देवभक्त आहे. देवाच्या पोथीत तुम्ही हे करत होते! मी एकादशी-सोमवार करणारी बाई, मला या गोष्टीचा संताप यायला हवा. आला नाही. खुडलेल्या जागेवरून बोट फिरवत मी देवघरातच बसून राहिले.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून.

आता सोमवारचं सांगते. दुसऱ्या एका भरतीची जाहिरात निघाली आहे. तिथंही गाडीच चालवायची, तिथंही तेच ठिपक्यांचं पुस्तक. नीलेशला कोणीतरी सांगितलं की यवतमाळला एक माणूस क्लास घेतो, त्या पुस्तकाची सगळी पानं क्रमानं पाठ करून घेतो. पहिल्या पानावर हा आकडा, दुसऱ्यावर तो. चार हजार घेतो, ते सोमवारी भरायचे. वाती विकून मी डब्यात साठवलेत, त्याला ठाऊक आहे.

"आई, पाठांतरच तर हाय," तो म्हणाला. "सिग्नलचा काय प्रश्न नाई. वरचा दिवा कोणता, खालचा कोणता, हे मले पाठ हाय."

"अन् धुकं असलं, एकच दिवा दिसून राह्यला, तं? मागच्या डब्यायत माणसं असतेत ना रे!"

"तू तं असं बोलून राह्यली जसं मी मुद्दाम करतो!" पाटावरून उठून गेला. जेवला नाही.

माझं मन डळमळलं होतं बाबा, खोटं का सांगू. देवापुढं लावायच्या वातींचेच ते पैसे, पोराच्या भल्याला गेले तर देव रागावणार नाही, असंही मनात येऊन गेलं. पण काल ती पानं निघाली आणि मला दिसलं की हा पोर तुमचंच करतो आहे. पाठ करतो आहे. लपवतो आहे. "छाती कमी भरली" आणि "उजेड कमी होता", फरक काय? ती वात मी त्याला दिली, तिथं माझा इलाज नव्हता. पण ही लपवाछपवी रक्तातून येत नाही, डॉक्टरीणबाईच्या चित्रात ती कुठंच नव्हती. ती घरात बसून शिकवलेली असते. तुम्ही शिकवली. ती मी पुढं देणार नाही.

पत्र इथंवर लिहून ठेवलं आणि आज संध्याकाळी त्याला हाक मारली. पोथी पाटावर ठेवली. म्हटलं, "हे आबांचं पाह्य. यातलं लाल पान कोणतं, सांग."

"कायले मजाक करून राह्यली आई."

"मजाक नाही. मलाही नाही सांगता येत."

आणि खरंच येत नव्हतं बाबा! इतक्या वर्षांत सगळी पानं एकाच मातकट रंगाची झाली. लाल कोणतं नि हिरवं कोणतं, माझ्या दोन वातींनाही कळेना. त्यानं एक पान उचललं, दुसरं उचललं, उजेडाकडं धरलं. मग त्याचं बोट त्या खुडलेल्या जागेवर थांबलं.

"हे," तो म्हणाला. मग म्हणाला, "आबाले बी?"

मी मान हलवली. वावर सांगितलं, गुळाचा खडा सांगितला, लुगडं सांगितलं. मी तुम्हाला ओट्यावर काय बोलले तेही सांगितलं. ते सांगताना त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही, बरं झालं.

"अन् कोणीच नाई इचारलं त्याईले?"

"कोणीच नाही."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं पुन्हा रुसला. परत आला तेव्हा वैशाली सोबत होती. तिला म्हणाला, "ताई, तुह्यात बी असू शकते. डॉक्टरनं सांगतलं. आई, सांग तिले सगळं, लगनाआधी सांग." आणि मला म्हणाला, "चार हजार राहू दे डब्यात."

मी आधी रडले, मग त्याला वाढलं.

आता तुम्हाला शब्द देते. येत्या पितृपक्षात तुमच्या तिथीला मी गावाला येणार. दरवर्षी दादा पान वाढतो आणि मी इथून नमस्कार करते, तसं या वेळी नाही. पंगत बसली की दादासमोर, वहिनीसमोर, ज्यांनी ज्यांनी निजेल म्हटलं त्यातले जे उरलेत त्यांच्यासमोर सांगणार, की हा माणूस झोपला नव्हता. मी नीलेशला म्हटलं, मी बोलते, तू नुसता बस. तर म्हणतो, "नाई. मी सांगतो. आबाचं अन् माह्यं, दोन्ही मीच सांगतो." पोथीही आणणार आहोत. पानं जशीच्या तशी आत आहेत, एकही काढलं नाही.

वैशालीचं लग्न ठरेल तेव्हा मुलाकडच्यांना आधी सांगेन. तिच्या पोटी मुलगा झाला तर त्याला शाळेत घालण्यापूर्वी तपासू. लिहून ठेवलं आहे वहीत.

राग उतरला का? नाही उतरला. तुम्ही सांगितलं असतं तर मी तसं बोलले नसते, हे माझ्या मनातून जात नाही, जाणारही नाही. पण आता वाकते. साष्टांग घ्या.

एक मात्र राहिलं. झोपायला जाताना नीलेशला विचारलं, बाळा, तुला लाल दिसतं तरी कसं? तो जरा विचार करून म्हणाला, "ते पोथीतलं वाळलेलं पान तुले जसं दिसते ना आई, तसं मले हिरवं बी दिसते अन् लाल बी."

तुम्हालाही तसंच दिसत होतं का, बाबा? कोणी विचारलं नाही म्हणून मी विचारते. एवढं उलट टपाली कळवा.

तुमची,
शकू